चौकशीच्या खिडकीतला सल्ला

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील प्रमुख पाहुण्या कॅप्टनबाई, संचालक मंडळ, सहकारी आणि विद्यार्थिमित्रहो,

सव्वीस वर्षे मी या वैमानिक प्रशिक्षण संस्थेत हवामानशास्त्र शिकवले आणि प्रवेशेच्छूंना सल्ला दिला. आधीच्या वक्त्यांनी माझ्या भिंतीवरच्या तक्त्याचे कौतुक केले. त्यात वैमानिक होण्याच्या मार्गांचे तीन रकाने होते: सलग पूर्णवेळ अभ्यासक्रम; विमान कंपनीची कॅडेट योजना; आणि नोकरी सांभाळून एकेक परीक्षा, एकेक परवाना, जमतील तसे उड्डाणाचे तास. तिसऱ्यापुढे मी शेरा मारला होता, ‘धरसोड करणाऱ्यांसाठी’. त्याला आधार कोणता? कोणताही नाही. पूर्णवेळ अभ्यासक्रम आपल्या संस्थेचा होता, एवढेच.

चौकशीच्या खिडकीत माझी पत्नी बसत असे. (तिच्या धाकाने चहादेखील वेळेवर येई, हे अध्यक्षांना आठवत असेल.) माझ्या खोलीतून निघालेल्यांना ती थांबवी. आधी वैद्यकीय तपासणी करा, डोळे-कान ठीक निघाले तरच पुढचे, असे बजावी. घर कोणावर चालते, नोकरी सोडता येईल का, हे विचारी आणि कित्येकांना तिसरा रकाना सुचवी.

एका परिचारिकेलाही तिने तोच सुचवला. मी बाहेर आलो. आठ-दहा माणसे उभी होती. त्यांच्यादेखत मी म्हणालो, “तुला विमानातलं काय कळतं? फॉर्म दे आणि गप्प बस.”

ती म्हणाली, “विमानातलं नाही कळत हो. तिच्या घरचं कळलं.”

दुसऱ्या दिवसापासून तिने नुसते फॉर्म दिले. घरी तिने तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. अकरा वर्षे.

ती परिचारिका म्हणजेच आजच्या प्रमुख पाहुण्या. मघाशी चहा घेताना त्या म्हणाल्या, “सर, रुग्णालयातली नोकरी सांभाळून सात वर्षं लागली. बाई त्या दिवशी बोलल्या नसत्या तर मी घरीच परतले असते. कशा आहेत बाई?”

मी म्हणालो, “बऱ्या आहेत.”

कॅप्टनबाई, मी खोटे बोललो. ती गेल्या वर्षी गेली. खरे सांगितले तर तुम्ही त्या दिवसाविषयी पुढचा प्रश्न विचाराल, अशी मला भीती वाटली. अपमान चारचौघांत केला होता. चूकही चारचौघांतच कबूल करायला हवी होती, ती ऐकायला असताना.

सत्काराबद्दल मी आपणा सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झाले असल्यास क्षमा असावी. आपण ती कराल, याची खात्री आहे. तिच्याजवळ मात्र मागायचीच राहिली.