अकराव्या सेकंदाचा खोकला

—नाही हो सुजयजी, खोकल्यावरून काय ठरवता? खोकला कोणाचाही असतो. तुम्ही पुण्याहून आलात, कॅसेट कंपनीचं काम आहे, कुठली टेप कुठल्या कार्यक्रमाची ते पक्कं केल्याशिवाय छापायचं नाही, सगळं समजून राहिलो मी—पण तिन्ही टेपांवर एकच माणूस खोकतो म्हणून तिन्ही टेपा एकाच दिवसाच्या, ये क्या बात हुई? हा एरिया मिलवाल्यांचा आहे भिया. ज्याने पंधरा-वीस वर्षं खात्यात काढली तो खोकणारच, कापसाची रुई आत जाते ना, आणि सगळ्यांचा खोकला सारखाच होऊन जातो. ही पहिली महूची. माझ्याच हातचं अक्षर आहे बघा, महू, जानेवारी त्र्याण्णव. ही देवासची. ही देपालपुरची, मंडीच्या मैदानातली, लोकांनी ट्रॉल्यांवर बसून ऐकलं. आता म्हणाल मिलवाले देपालपुरला कुठून आले—आले, टेम्पोत बसून आले, बँडच्या पोरांबरोबर. आपली पोरं होती ती.

चहा घ्या ना, गार होतोय. आणि साडेचारच्या आत आटपू आपण, मतलब मी घाई नाही करत, पण साडेचारला नंदूची कंपनीची बस येते. पीथमपुरला आहे तो, फर्स्ट शिफ्ट. भेटायचं म्हणता? नको. सख्खा भाऊ आहे माझा, त्याचीच सगळी गाणी आहेत ही, तुमच्या यादीत त्याचं नाव सगळ्यात वर पाहिजे, ते बरोबर—पण त्याच्यासमोर हा विषय नको. सही काय ती मी करतो. तुम्ही त्याला प्रोग्रेसिव्ह म्हणता, रॉक म्हणता, आमच्या इथे काय म्हणायचे माहितीये? गाणं कधी सुरू होणार? पंधरा मिनिटं झाली, सुरू कधी होणार? अठरा मिनिटांचं एकेक गाणं, सात मात्रांचा ताल, मग मध्येच अकराचा, समीर ड्रमवर नुसता घामाघूम. बँडचं 'थर्ड शिफ्ट' नाव ठेवलं होतं. आमचे नाना, मतलब वडील, ते पण मिलमध्येच, म्हणायचे, तिसऱ्या पाळीत कोण शहाणा माणूस असं नाचतो रे? पण रोज ओट्यावर बसून ऐकायचे. रोज. मी तेव्हा मिलमध्ये इलेक्ट्रिशियन, मिलचे माइक-भोंगे माझ्याकडे, म्हणून ह्यांचं रेकॉर्डिंगपण माझ्याकडे. बस इतनाच माझा संबंध.

लावा, परत लावा. ऐकतो मी, कान माझे पण आहेत. हां, गाणं संपलं—टाळ्या—आठ, नऊ, दहा, अकरा. खोकला, खोकला, शिटी. आता देवासची लावा. अकरा. खोकला, खोकला. राहू द्या, तिसरी नका लावू. शिटी येणार तिच्यात पण. चांगले कान आहेत तुमचे. पाच वर्षं ह्या टेपा फिरल्या, होस्टेलच्या पोरांनी एकीच्या दहा केल्या, पुण्याला पोचल्या, कोणाच्या लक्षात नाही आलं. ठीक आहे. त्या तीनवर तुम्हाला काय लिहायचं ते लिहा, ठिकाण माहीत नाही म्हणून लिहा. पण ही चौथी, जी आज मी तुम्हाला कपाटातून काढून दिली, हिच्यापुढे तुम्ही काय लिहिलंय? सराव. टाळ्या नाहीत, सराव, घेऊ नये. नाही साहेब. हे खोडा. हिला सराव नका म्हणू, तुमच्या पाया पडतो.

नाही, उठू नका. सांगतो. आधी ते तुमचं रेकॉर्डिंगचं यंत्र बंद करा. केलं? लाल लाइट गेला? बरं. पोरं महूला कधी गेलीच नाहीत. देवासला नाही, देपालपुरला तर कशाला जातील—ते नाव तर मी गंमत म्हणून लिहिलं होतं. गाणी आमच्या मागच्या खोलीतली, सरावाची. टाळ्या दुसरीकडच्या. दोन डेक होते माझ्याकडे, इकडून गाणं, तिकडून टाळ्या, जोडलं. हां, खोटं आहे. तिन्ही खोट्या आहेत. आता तुम्ही म्हणाल ह्या माणसाने तीन खोट्या दिल्या, चौथी खरी कशावरून? हीच तर मुश्किल आहे. चौथी वाचवायची तर तीन बुडवल्या पाहिजेत, आणि तीन बुडवल्या की तुम्ही चौथीवर विश्वास ठेवणार नाही. सकाळपासून हेच चाललंय माझ्या डोक्यात. म्हणून पोहे पण नीट विचारले नाहीत तुम्हाला.

टाळ्या कुठल्या—गेट मीटिंगच्या. एक्क्याण्णवचा डिसेंबर. मिल बंद होऊन चार महिने झालेले, रोज गेटवर मीटिंग व्हायची, माइक मी लावायचो आणि युनियनसाठी रेकॉर्डिंग पण मीच करायचो. त्या दिवशी पुढारी यायला उशीर झाला. दीड-दोन हजार माणूस उन्हात उभा, गडबड सुरू झाली, तेवढ्यात गर्दीतून एक चिठ्ठी हातोहात पुढे आली. कोणी लिहिली, आजपर्यंत माहीत नाही. पेन्सिलने लिहिलेलं होतं, मिल एक तारखेपासून चालू होणार, पहिली पाळी. आणि माइक माझ्या हातात. आता मी काय करायला पाहिजे होतं? थांबायला पाहिजे होतं. कोणाला तरी विचारायला पाहिजे होतं. माझं काम काय—हॅलो, माइक टेस्टिंग, एवढंच. पण समोर बघितलं तर नाना उभे, माइकला खेटून, गळ्यात मफलर, माझ्याकडे बघत होते. मी वाचलं. काय टाळ्या झाल्या सुजयजी. जन्मात माझ्यासाठी कोणी टाळ्या नव्हत्या वाजवल्या. थांबतच नव्हते लोक. आणि मग अकराव्या सेकंदाला नानांना खोकला आला, आनंदाने. माइक जवळ होता, म्हणून आला टेपवर.

एक तारखेला पहाटे आईने डबा केला. नाना इस्त्रीचा शर्ट घालून गेले. नुसते नानाच नाही, शेकडो लोक गेले, नवीन वर्ष म्हणून कोणी गेटला हार पण आणला होता. गेटवर कुलूप. साडेतीन वाजेपर्यंत थांबले, पाळी संपायच्या टाइमापर्यंत, तिथेच उभ्याने डबा खाल्ला आणि घरी आले. डबा स्वतःच घासून ठेवला. मला कोणीच दोष नाही दिला. सगळ्यांना वाटलं चिठ्ठी पुढाऱ्यांची, मी, श्रीराम, बिचारा नुसता वाचणारा. फक्त नानांनी बघितलं होतं, मी कोणाला न विचारता वाचली ती. त्यानंतर एक गोष्ट झाली—आमच्या मिलच्या लोकांनी टाळ्या वाजवणं सोडून दिलं. कोणी ठराव नाही केला, शपथ नाही घेतली. पण मीटिंगमध्ये पुढारी बोलला, चुप. कीर्तन झालं, चुप. झाँकीची, गणपतीच्या मिरवणुकीतल्या देखाव्याची, पहिली मीटिंग झाली, हात वर करून हो म्हणाले, टाळी नाही. एकदा फसले होते ना टाळ्या वाजवून, लाज वाटायची लोकांना.

आणि त्याच वर्षी, ब्याण्णवला, गणपतीत नंदूचा कार्यक्रम. आपल्या मिलच्या गणपतीत, गेटबाहेरच्या मिलच्या हॉलमध्ये, संध्याकाळी सहा वाजता. त्याने स्वतः जाऊन मागितला होता दिवस. बावीस वर्षांचा होता तो. गेट मीटिंगला कधी यायचा नाही, तो आणि समीर आपले खोलीत, त्यांना हे टाळ्यांचं काही माहीतच नव्हतं. तीनशे माणूस आलं. बायका आल्या, आमच्या शेजारच्या इंदिराकाकू नातवंडं घेऊन पहिल्या रांगेत. अठरा मिनिटांचं ते गाणं, ते ह्या चौथ्या टेपवर आहे. एक माणूस उठला नाही साहेब. जे लोक म्हणायचे गाणं कधी सुरू होणार, ते मान खाली घालून ऐकत होते. मध्ये तो हळू वाजवतो ना, एकटाच, तेव्हा माझ्या बाजूला जॉबर होते प्रतापराव, खात्याचे मुकादम, ते रडत होते. आणि गाणं संपलं. आणि—काही नाही. ऐकलंत तुम्ही. पंख्याचा आवाज. मग चपला. लोक उठले आणि चपला घालून गेले.

नंदू उभा होता स्टेजवर, गिटार गळ्यात. मी माझ्या मशीनपाशी. त्याने माझ्याकडे बघितलं, की दादा, काय झालं? दहा पावलांवर होता. मला माहीत होतं काय झालं. जाऊन एवढंच सांगायचं होतं की अरे वेड्या, आवडलं त्यांना, फार आवडलं, पण ते टाळ्या वाजवत नाहीत, आणि का वाजवत नाहीत तर—ते पुढचं मला सांगावं लागलं असतं ना. चिठ्ठीचं. मी वायर गुंडाळायला लागलो. त्या दिवसापासून त्याने गिटार माळ्यावर ठेवली ती आजपर्यंत. म्हणतो, आपल्याच लोकांना नको होतं, दुसऱ्या कोणासाठी वाजवू? समीर नोकरीसाठी भोपाळला गेला. नंदू पीथमपुरला लागला. चांगली नोकरी आहे, हां, बस न्यायला येते, आणायला येते. घरी येतो, जेवतो, झोपतो. रेडिओवर गाणं लागलं तर उठून बंद करतो. आणि मी रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवतो, त्याच घरात, पुढच्या खोलीत.

मग ह्या तीन टेपा कशाला केल्या? वेडेपणा म्हणा. मला वाटलं कार्यक्रमाच्या आहेत म्हटलं तर लोक ऐकतील, नाव होईल, बाहेरून कोणी तरी मोठा माणूस येईल आणि नंदूला सांगेल की तू चांगला आहेस. मग मला सांगावं लागणार नाही. पण टाळ्या आणू कुठून? माझ्याकडे एकच टेप होती टाळ्यांची. त्याच कामाला लावल्या. आणि बघा, आला तर खरं माणूस. पाच वर्षांनी आला, आणि त्याने खोकला ओळखला.

खरी कशावरून म्हणता ना? लावा चौथी. पुढे घ्या, अजून पुढे, अकराव्या मिनिटाला, ते हळू वाजवतो तिथे. आवाज वाढवा. थांबा—आता. ऐकलं? दाबलेला. तोंडावर मफलर धरून दाबलेला खोकला, एकदाच. तेच नाना. ह्या तिन्हींमध्ये खोकला टाळ्यांच्या मागून येतो, अकराव्या सेकंदाला, हलत नाही जागेवरून. इथे तो गाण्याच्या आत आहे. माणूस तिथे बसल्याशिवाय असा खोकत नाही. मागच्या खोलीतला सराव असता तर कशाला दाबला असता त्यांनी? घरी तर बिनधास्त खोकायचे. मुलाचं गाणं बिघडू नये म्हणून दाबला. चौऱ्याण्णवला गेले ते. शेवटी शेवटी बोलवत नव्हतं, मला हाताने खूण करायचे, माळ्याकडे बोट दाखवायचे, मतलब, सांग त्याला. मी म्हणायचो हो, सांगतो नाना.

असे बघू नका माझ्याकडे. तुम्ही पेन उघडलंत, खोडताय? खरंच खोडताय? देवा. मग एक काम करा ना माझं. नंदूला तुम्ही सांगा. तुम्ही शिकलेले, बाहेरचे, तुमचं ऐकेल तो. बसा, साडेचारला येईलच. नाही? मीच सांगायचं म्हणता. बरोबर आहे. कोणीही हेच म्हणेल. मग असं करा, यंत्र चालू करा, त्यात बोलतो, तोंडावर नाही जमत मला, यंत्रात जमेल, माइकवर बोलायची सवय आहे. तुम्ही ते त्याला ऐकवा, मी आत जाऊन बसतो. लागला लाल लाइट? हां. चौथी टेप. सप्टेंबर ब्याण्णव, आपल्या मिलचा गणपती. गिटार नंदू, ड्रम समीर. ऐकणारे तीनशे, सगळे शेवटपर्यंत बसले. टाळ्या नाहीत. टाळ्या नाहीत कारण ते लोक तेव्हा टाळ्या वाजवत नव्हते, कारण त्यांना एकदा कोणी तरी—कोणी तरी नाही, मी—

बस. बसचा आवाज आहे तो. आज लवकर कशी आली? बंद करा ते. बंद करा म्हणतो ना, आणि ती यादी खिशात घाला. खोडलंत ना? घाला खिशात. आलास रे? नाही, काही नाही, गिऱ्हाईक आहे. टेपरेकॉर्डर दाखवायला आणलाय त्यांनी. हात-पाय धू तू, आईने चहा ठेवलाय. कुठली, ही? ही टेप होय, ही कोरी आहे रे, काही नाही हिच्यावर. या तुम्ही साहेब. नाही, उद्या पण नाही, उद्या दुकान बंद आहे. या.