चिऊचं रडणं गाण्यातच राहिलं

मी उगाच नाक खुपसते म्हणता ना? मग ऐका. इथे कांजूरमार्गला आमच्या शेजारचा संकेत रॅप करतो. जुहूच्या एका मोठ्या रॅपरबरोबर त्याचं पहिलंच गाणं होतं. अर्धं त्या मोठ्याच्या प्रसिद्धीचं, अर्धं संकेत बाप झाला त्याचं. रेकॉर्डिंग संकेतच्या घरीच. आवाज घुमू नये म्हणून खोलीभर माझ्या गोधड्या टांगल्या होत्या, म्हणून मीही आत.

गाणं रंगात आलं आणि संकेतची तान्ही चिऊ पाळण्यात रडायला लागली.

मोठा म्हणाला, "हे रडणं काढून टाक. माझ्या फॅन्सना असलं घरगुती चालत नाही."

संकेत म्हणाला, "भाई, रडणं राहणार. तुला नको असेल तर तू नको."

कांजूरमार्गच्या पोराने एवढा चान्स सोडला! मला राहवेना. "अहो, मघाशी तुमच्या फोनवर 'पप्पा, कधी येणार?' असं आलं. मी वाचलं. आधी त्या लेकराला उत्तर द्या, मग आमच्या चिऊला गप्प करा!"

तो फोन घेऊन गॅलरीत गेला. बऱ्याच वेळाने आला आणि संकेतला म्हणाला, "माझा भाग मी पुन्हा गातो. रडणं ठेव. काकूंचं ओरडणंपण रेकॉर्ड झालंय, तेही ठेव."

लावा ते गाणं. शेवटी रडते ती चिऊ, आणि झापते ती मी!