सरांचा फोन बोलायला लागला तेव्हा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या शाळेचे मुख्याध्यापक आदरणीय प्रफुल वाकडे सर, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, संस्थेचे पदाधिकारी, शिक्षक बंधू-भगिनींनो, मुलचेऱ्यातल्या आणि आजूबाजूच्या गावांतून आलेल्या भाऊ-बायांनो, आणि सकाळपासून खुर्च्या मांडून आता मागे उभं राहावं लागलेल्या दहावीच्या मुला-मुलींनो, तुम्हां सर्वांना माझा मनापासून जय भीम आणि नमस्कार.

आणि हारांच्या ढिगाऱ्यातून ज्यांचं फक्त नाक दिसतं आहे, ते सत्कारमूर्ती श्रावण दुर्गे सर, यांनाही जय भीम. घरी मी यांना कधी सर म्हटलं नाही. आज म्हणते. सेवानिवृत्तीच्या दिवशी एवढा मान द्यायला काय हरकत आहे?

सूत्रसंचालकांनी मला सांगितलं, "बाई, तुमी दोन शब्द बोला." दोन शब्दांत माझं काय होणार? तरी आवरतं घेईन.

सर या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा त्यांना सगळं दिसत होतं. पुढे दिवस मावळला की सायकल रस्ता सोडून धानाच्या बांधीत उतरायला लागली. मी म्हणायची, लक्ष कुठी असते तुमचं? लक्ष जागेवरच होतं, नजर चालली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यातला पडदा सुकत चालला आहे आणि यावर औषध नाही. पन्नाशीच्या आत सगळं बंद झालं. तेव्हा या शाळेने त्यांना वर्गातून काढलं नाही. एक मूल धडा वाचायचं, सर शिकवायचे. हे मी आज मुद्दाम सगळ्यांसमोर सांगते, कारण आभार मानायचे राहून गेले होते.

शाळेतलं वाचन मुलांनी सांभाळलं. घरचं वाचन माझ्याकडे आलं. पेपर मी वाचायची, शाळेची परिपत्रकं मी वाचायची, लग्नपत्रिका तर अगदी प्रेषकाच्या नावापर्यंत. जुना बटणांचा फोन त्यांना जमायचा. पाचाच्या बटणावर बारीक टिपका असतो, त्यावरून बाकीचे आकडे बोटाला सापडायचे. पण तो फोन गेला आणि शाळेचं सगळं नवीन फोनवर यायला लागलं. ती काच! वर ना खड्डा, ना टेंगूळ. सर ती हातात घ्यायचे आणि मला हाक मारायचे, "सरिता, पाह्य वं, कोनाचं काय आलं?"

मी भाताचं आधण सोडून यायची आणि वाचून दाखवायची. तुमच्या शिक्षकांच्या ग्रुपवरची भांडणंसुद्धा मीच वाचली आहेत. घाबरू नका, नावं घेणार नाही. बघा, दुसऱ्या रांगेत कोणीतरी खोकललं!

तर एकदा मी आष्टीहून येत होते. बसमध्ये शेजारी एक मुलगी. फोन कानाजवळ, बोट काचेवर फिरत होतं, आणि फोनमधून काहीतरी भराभरा बोलणं येत होतं. मी पुष्कळ कान दिला. सिरोंचाकडची तेलगू म्हणावी तर तशीही नाही. न राहवून विचारलं, "पोरी, हे कोनती भाषा हाय वं?"

ती हसली. "मराठीच आहे, काकू. स्पीड वाढवून ठेवली. हळू ऐकायला कंटाळा येतो."

"मंग स्क्रीनवर पाहून वाचत काऊन नाई?"

"मला दिसत नाही ना, काकू."

शेजारी बसूनही मला ते कळलं नव्हतं. ही आपल्या बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातली रिना मंडल, पंचायत समितीत कामाला आहे. आज ती तिथे खिडकीजवळ बसली आहे. पुढच्याच रविवारी मी तिला घरी जेवायला बोलावलं. माझं काम जिच्या हातून जाणार होतं, तिला मी माझ्याच हाताने मासे वाढले!

रिनाने सरांच्या फोनमध्ये टॉकबॅक चालू केला. बोट जिथे ठेवाल त्याचं नाव फोन सांगतो. ते उघडायचं असेल तर दोनदा टिचकी मारायची. उजवीकडे बोट ओढलं की पुढची गोष्ट, डावीकडे ओढलं की मागची. ऐकायला सोपं वाटतं. सर तर पहिल्याच तासाला चिडले.

"काचेले चोळून काय समजन मले? या वयात आता हे काई होत नाई."

रिना म्हणाली, "सर, तुमच्या वर्गात एखादा मुलगा असं म्हणाला तर तुम्ही त्याला घरी पाठवता का?"

सरांनी बोट परत काचेवर ठेवलं.

मग आमच्या घरी जे सुरू झालं, ते काय सांगू! एका दुपारी मुख्याध्यापकांना चार वेळा फोन लागला. चारही वेळा ते जेवत होते. एकदा कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि "सरिता, आज वरनात मीठच नाई" हे वाक्य रेकॉर्ड होऊन सगळ्या शिक्षकांच्या ग्रुपवर गेलं. अर्ध्या शाळेने मला विचारलं, बाई, आज वरण कसं आहे? आणि तुम्ही लोक सकाळी शुभेच्छा पाठवता ना, त्यातली चित्रं फोन एक एक करून वाचतो. "जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात, गुलाबाचं फूल, जोडलेले हात." सर म्हणायचे, "अरे, हात सोडा आता अन् काम सांगा!" नुसता फोटो आला की फोन म्हणायचा "फोटो", आणि पुढे गप्प. मग इथल्या मॅडमांनीच ठरवलं, फोटो पाठवला की खाली दोन ओळी लिहायच्या. अजूनही लिहितात. मॅडम, तुमचे उपकार आहेत.

हळूहळू त्यांना जमलं. पेपर ते स्वतः ऐकायला लागले, निरोप स्वतः लिहायला लागले. आणि घरातली ती हाक बंद झाली.

तुम्हाला वाटेल, बाई सुटली. मलाही वाटलं होतं, सुटेन. पण मी आधण ठेवायची, आणि कोणी बोलवायचंच नाही. एकदा अंगणात बसून, कानात वायर घालून, हे एकटेच हसत होते. मी विचारलं, "काय झालं?"

"काई नाई, शाळेतलं हाय."

आठ वर्षं शाळेतलं सगळं माझ्या तोंडून गेलं होतं. आता ते "शाळेतलं" झालं! मी भांडले नाही. पण पुष्कळ दिवस कामापुरतंच बोलले. त्यांना कळलं की नाही, तेही विचारलं नाही.

त्यातच चिमूरला माझ्या बहिणीचं पोटाचं ऑपरेशन झालं. जावं तर लागणार. सर म्हणाले, "जा तू. मी राह्यतो." त्यांना एकटं सोडून मी कधी कुठे राहिले नव्हते. शेजारच्या बायनाबाईला दहा वेळा सांगून निघाले. चार दिवसांसाठी गेले आणि तिथेच अडकले. रोज फोन करायची, तर हे म्हणायचे, भात झाला, वर्ग झाला, सगळं बरं हाय. बरं आहे हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता ना? अर्धाच झाला.

बहीण हिंडायला-फिरायला लागली तशी मी निघते म्हटलं. तर फोनवर सर म्हणाले, "थांब. मी येतो तुले घ्यायले."

"तुमी? एकटे? चंद्रपूरले गाडी बदलावी लागते!"

"माहीत हाय. मी कुठी नवीन हाय?"

मी त्या दिवशी वेळेच्या कितीतरी आधी चिमूरच्या स्टँडवर जाऊन बसले. प्रत्येक गाडीला उठून पाहायची. नाना विचार मनात. नंतर त्यांनी सांगितलं, जंगलात नेटवर्क गेलं आणि नकाशा सांगणारी बाई मुकी झाली. तेव्हा शेजाऱ्याला विचारलं. चंद्रपूरला गाडी कोणती ते कंडक्टरने सांगितलं. अर्धा रस्ता फोनने दाखवला, अर्धा माणसांनी.

गाडी आली. सर उतरले. पांढरी काठी, खांद्यावर झोळी, इस्त्रीचा सदरा. गर्दी जाऊ दिली, खांबाला टेकून उभे राहिले, आणि फोन काढून बोट फिरवायला लागले. मी पाचेक हातांवर होते. पाय धावायला निघाले होते. पण मी थांबले. मला पाहायचं होतं. कोणाची वाट न पाहता, न गोंधळता उभं असलेलं ते माणूस मी पुष्कळ वर्षांत पाहिलं नव्हतं.

आणि माझ्या पिशवीतला फोन वाजला!

सरांनी मान वळवली. "घंटी तं इथीच वाजून राह्यली. गुपचूप काऊन उभी हायेस वं?"

मी हसले आणि मला रडूही आलं. स्टँडवरच्या बाया पाहत होत्या.

परतीच्या बसमध्ये मग मी बोलून टाकलं. म्हटलं, "आता तुमाले माही गरज नाई राह्यली."

सर मग म्हणाले, "सरिता, आठ वर्ष तू मले दुनियाभरच्या लोकायचं बोलनं वाचून दाखवलं. तुहं बोलनं कधी आयकलंच नाई मी. येळच नाई भेटला तुले. आता तुहं सांग."

मी विचारलं, "माहं? माहं काय सांगू?"

"काईबी."

मंडळी, चंद्रपूर येईपर्यंत मी बोलत होते. गाडी बदलली, आणि पुढेही बोलत होते. मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, माझ्याजवळ एवढं साठलं आहे.

तर या शाळेचे, रिनाचे, आणि वाटेत सरांना गाडी सांगणाऱ्या सगळ्या अनोळखी लोकांचे मी आभार मानते. मी काही वक्ता नाही. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, शाळेतलं एखादं गुपित निसटलं असेल, तर आपलं माणूस समजून पोटात घाला. उद्यापासून सरांना शाळा नाही आणि आमचं बोलणं अजून जेमतेम चंद्रपूरच्या पुढे पोचलं आहे. म्हणून आता यांना घरी न्यायची परवानगी द्या. जय भीम.