जुन्यावर नवं ग्रीस

न्या की! मी कुठं नाही म्हणतेय, वन्सं? तुमचाच भाऊ आहे, मी काय लग्न केलं म्हणून विकत घेतलाय? पण आधी बसा — त्या खोक्यावर नको, त्यात पाती आहेत — तो स्टूल ओढा, आणि पिशवी मांडीवरच ठेवा, खाली सगळं तेल सांडलेलं आहे. एवढा शाफ्ट होऊ दे माझा. शाळेचा माळी संध्याकाळी मशीन न्यायला येईल, मी शब्द दिलाय. तोवर यांना बसू दे इथंच, कपाटाला टेकून. रोज तिथंच बसतात. बघायला आवडतं त्यांना. बघा कसे टक लावून बघतायत — तुमच्याकडे नाही हो, माझ्या हातांकडे! सख्खी मोठी बहीण एवढ्या लांबून आली, पण डोळे बघा कुठं आहेत.

हे होय? हे गवत कापायचं मशीन, ब्रश कटर. वर इंजिन, खाली पातं, मध्ये हा एवढा लांब दांडा, आणि दांड्याच्या पोटात — थांबा, ओढून दाखवते — हा शाफ्ट. इंजिन ह्याला फिरवतं, हा पात्याला फिरवतो. दिसत नाही ना, म्हणून कुणी विचारत नाही ह्याला. लोक वर पेट्रोल ओततात, खाली पातं घासून घेतात, आणि हा मधला बापडा कोरडा मरतो. आधी खरखरतो, मग धरणाऱ्याच्या हाताला मुंग्या येतात, मग एक दिवस कटकन तुटतो — आणि म्हणायचं काय, तर मशीनच भिकार होतं. बघा, कसा काळाकुट्ट झालाय. हे जुनं ग्रीस, जळलेलं, त्यात माती बसलेली. हे आधी रॉकेलच्या चिंधीनं पुसून काढायचं, पार लखलखीत, आणि मग नवं लावायचं, पातळ, हलक्या हातानं. जुन्यावर नवं लावायचं नाही म्हणजे नाही. आतली माती शाफ्टला खाऊन टाकते. कुणी शिकवलं मला? तुमच्या भावानंच की! कसं शिकवलं? पान्ह्यानं. हे पेर दिसतंय ना वाकडं, हे — हे जुन्यावर नवं लावलं म्हणून. समोर गिऱ्हाईक उभं होतं. मी बोट तोंडात धरून उभी, आणि हे गिऱ्हाइकाला म्हणाले, बायकांना ग्रीस फक्त भांड्यांवरचं कळतं. गिऱ्हाईक हसलं. मग मीही हसले. काय करणार?

गंमत बघायचीय तुम्हाला? बघा हं. मी पुसत नाही. हे असं बोटभर नवं घेतलं, आणि हे जुन्यावरच — — ऐकलंत? धाड! कपाटावर! उजवं अंग गेलं, जीभ गेली, पण डावा हात बघा काय दणकट आहे. अजून थोडं लावते — हे बघा — धाड, धाड! अहो, घाबरता काय? बोलता येत नाही, उठता येत नाही, करणार काय? तुम्हाला त्या शेजारच्या शिवणवालीनं फोन केला ना? नाही कसं, तीच लावालावी करणारी. दुपारभर कपाट बडवतात, झटके येतात, बाई औषध देत नाही — असंच सांगितलं ना? औषध देते मी, अगदी वेळच्या वेळी. झटके कसले आलेत! हे आहेत ते झटके. मी आणले की येतात, मी पुसलं की जातात. रोज काहीतरी. कधी बोल्ट उलटा लावते, कधी पातं पालथं बसवते. डोळे असे तांबडे होतात, हनुवटीवर लाळ येते, आणि मग मी विचारते, काय झालं उस्ताद? चुकलं का काही? सांगा ना! — सांगा! —

असं काय बघताय? चेष्टा हो. नवरा-बायकोची चेष्टा. पुसते ना, पुसते मग सगळं. हे बघा पुसलं. गिऱ्हाइकाला खोटं काम नाही देत मी.

आणि तुमच्याकडे नेऊन काय करणार त्यांचं? खिडकीशी बसवाल, पाठीला उशी द्याल, सूनबाई सूप भरवेल चार दिवस, आणि पाचव्या दिवशी नाक मुरडेल. दुरून डोंगर साजरे, वन्सं. यांचं अंगाखालचं काढायला लागलं ना, की बहिणीची माया कुठं जाते ते कळतं. अंग गेल्यावरचे पहिले महिने मी एकटीनं काढले, तेव्हा तुमचे गुडघे दुखत होते. आता बरे झाले वाटतं? झाले, छान. पण वरातीमागून घोडं काय कामाचं? शिवाय दुकानाचं काय? पाटी यांच्या नावाची. बाईच्या हातात कोण देतं मशीन? लोक दारात येतात, मला बघून थबकतात, मग आत हे दिसतात. हां, उस्ताद आहेत, म्हणजे काम त्यांच्या नजरेखाली होतंय. मग देतात. म्हणून मी रोज दाढी करते यांची, सदरा घालते, केस विंचरते, आणि आणून बसवते. दुकानात फोटो लावतात ना मोठ्या माणसाचा, तसं. फोटोला भरवावं लागत नाही, एवढाच काय तो फरक.

आता बघा, हे बरोबर. हे पुसलेलं, हे पातळ ग्रीस, सगळ्या अंगाला सारखं. आता घालायचा उलटा करून — जे टोक इंजिनाकडे होतं ते पात्याकडे, म्हणजे एकच बाजू झिजत नाही. सगळ्या शाफ्टना नाही चालत, ह्याला चालतं, दोन्ही टोकं सारखी चौकोनी आहेत. हळूहळू फिरवत फिरवत आत — घाई केली की टोक नुसतं टेकतं, बसत नाही, आणि तसंच आवळलं की चौकोनाचा गोल होतो, मग टाका भंगारात. बसलं की बोटाला कळतं — हां — हां — बसला! कळलं तुम्हाला? नाही, तुम्हाला कसं कळणार. त्यांना कळलं. आता खालच्या गिअरला ग्रीस. बेतानं. ठासून भरलं की रबराचं सील फाडून बाहेर येतं. झालं. झाकण, बोल्ट, झालं. सांगा, काय राहिलं? काही नाही राहिलं. त्यांच्या हातानंसुद्धा इतकं नीट झालं नसतं. आणि बघा, बघा त्यांच्याकडे. मान हलली? अहो, एवढी मशीनं झाली माझ्या हातून, एकदा नाही हलली! मान चालते त्यांची, वन्सं. घास नको असला की कशी फिरवतात, विचारूच नका. पण ‘बरं झालं’ म्हणून खाली-वर करायची — ते नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. एकदा हलवावी. एकदाच. मग खुशाल घेऊन जा, मी स्वतः गाडीत बसवून देईन. मग मला काय करायचेत ते?

काय? त्यांनाच विचारता, येतोस का म्हणून? विचारा. विचारा ना, समोर बसलेत. बहिरे नाहीत.

— हं. ऐकला मी. तो धपका तुम्हाला नव्हता. ती चिंधी पडलीय खाली, त्यांना पसारा खपत नाही. ही घ्या, उचलली. — परत? मग हा बोल्ट असेल. घट्ट आहे तसा, पण घ्या, अजून आवळला. झालं? — वन्सं, तुम्ही हात सोडा त्यांचा. हात धरला की त्यांना आवडत नाही. मला विचारा, मला माहितीय काय आवडतं ते. — आता कशाला बडवताय, उस्ताद? काय चुकलंय? जुनं पुसलं, नवं लावलं, बसलाय, आवळलाय — कुठं चुकलंय, दाखवा बोटानं! माझ्याकडे बघून दाखवा! बहिणीकडे काय बघताय?

काय? मान हलवली?

नाही, मी नाही बघितली. तुम्हाला भास झाला. मान नाही ती, झटका आहे. शिवणवाली सांगते तेच खरं, झटके येतात यांना, कसेही येतात, त्याला अर्थ नसतो. — हलवू दे! किती का वेळा हलवेना! डोळे पुसायला काय झालं तुम्हाला, मरत नाहीयेत ते. — उठवू नका. सांगून ठेवते, उठवू नका त्यांना, पडतील, एकटीला पेलणार नाहीत तुम्हाला. पिशवी घ्या तुमची. गाडी चुकेल.

व्हा बाजूला, मला मशीन चालवून बघायचंय. अजून मागे. ही दोरी ओढली की — हां, लागलं. ऐका, खरखर आहे का कुठं? लोण्यासारखं फिरतंय. — काय? — मोठ्यानं बोला. — ओठ हलतायत तुमचे, वन्सं, ऐकू काही येत नाही. त्यांचंही नाही येत. या तुम्ही.