हात खिशातनं भाईर काढला तवा

मी मूळचा कागलचा. आमी पिंजारी, म्हंजे कापूस पिंजून गाद्या भरनारी मानसं, वडलांचं सारं आयुष्य त्यातच गेलं, केसात, भिवयांत कायम कापूस, लांबनं बगितलं तर वाटायचं म्हातारा हाय, आनि वय तवा तिशीचं. माझं नाव दस्तगीर. उरसात नाटकं व्हायची, त्यात मी दरोडेखोर व्हायचो, आवाज मोठा, डोळं मोठं, तेवढ्यावर एकजन म्हनला चल कोल्हापूरला, पिक्चरात काम देतो. साठ साल नुकतंच उलटलं हुतं बगा. आधी पाटलाच्या मागं काठी घेऊन हुबा, मग पाटलाचा भाऊ, मग सोता पाटीलच, दुष्ट. काय सांगू तुमाला, मंडईत गेलो तर बाया पदर सावरून बाजूला व्हायच्या, एकीनं तर तोंडावर विचारलं, का रं मुडद्या, त्या गरीब पोरीला हिरीत ढकलताना काळीज कसं धजलं तुजं? मी घरी यून मेहरूनला, म्हंजे माझ्या बायकोला, हासत हासत सांगायचो. मानसं आपल्याला भ्यात्यात ह्येची लई घमेंड हुती मला, खोटं कशाला बोलू.

आनि मग भ्या माझ्याच घरात आलं. जोतिबाच्या पायथ्याला शूटिंग हुतं. सीन काय, तर पाटील खुर्चीत बसलाय, हात खुर्चीवर ठेवलाय, नुस्ता बगतोय. डायरेक्टर म्हनला, दस्तगीरभाई, बोटं हलवू नगा. मी म्हनलं, मी कुटं हलवतोय? खाली बगतो तर अंगठा आनि बोट आपसूक फिरत्यात, तसबीचं, म्हंजे जपमाळंचं, मनी वडल्यावानी. माझाच हात, आनि मला न इचारता हलाय लागलेला. हात मांडीखाली दाबून सीन केला. त्या दिवसापास्नं हात खिशात. धोतरवाल्या पाटलाला खिसा कुटला, मग कपडेवाल्याला सांगून कोट मागायचो, म्हनायचो कोटानं रुबाब येतोय.

पन हाताचं एक झालं, तोंडाचं काय करनार? एकदा जेवताना मेहरून म्हनली, रागावलाय व्हय? मी म्हनलं न्हाय की. ती म्हनली, मग मी मगाधरनं इनोद सांगाय लागलीया, हासत का न्हाईसा? आवो, मी हासतच हुतो. उठून आरशात बगितलं. आतनं मी हासाय लागलेलो आनि आरशातला मानूस गप बगत बसलेला, दगडावानी. पावनं, मी पिक्चरात कितीतरी खून पाडलं असतील, पन त्या आरशातल्या मानसाइतका मी कुनाला भ्यालो न्हाय.

कामं कमी झाली. लोकं म्हनाय लागली दस्तगीर प्यायला लागलाय. थेंब शिवलेला न्हाय हो मी जल्मात. मिरजंला एका मोठ्या डाक्टरला दावलं. त्येनं चालाय लावलं, नाव लिवाय लावलं, तर माझी अक्षरं म्होरं म्होरं बारीक हुत मुंग्यांएवढी झाली. म्हनला, ह्येला कंपवात म्हनत्यात, इंग्रजीत पार्किन्सन. मी इचारलं, जीव जातोय का? म्हनला, जीव न्हाय जात, पन ह्यो बरा बी हुनार न्हाय, गोळ्यांनी दम धरंल. मेहरूनला म्हनलं, कुनाला बोलायचं न्हाय.

दोन वर्सं दडवलं. मग एकदा यष्टी स्टँडाम्होरं रस्ता वलांडताना पायच उचलंनात. भुईला खिळं मारल्यागत. टांगेवाला वरडतोय, मागनं ट्रक, मी मधी हुबा. मानसं गोळा झाली, आरं ह्यो पिक्चरातला पाटील, ढोसून आलाय भर दुपारी. हवालदारानं दंडाला धरून चौकीत नेऊन बसवलं. बाकड्यावर मी थरथरतोय आनि खिडकीतनं लोकं बगत्यात. कुनीतरी मेहरूनला सांगितलं, ती पळत आली आनि हवालदाराला म्हनली, वास घ्या की त्येंच्या तोंडाचा, घ्या! बिचाऱ्यानं मान खाली घातली. भाईर आल्यावर ती रडली न्हाय, म्हनली, आज मी आले, उद्या मी नसले तर? लोकास्नी कळाय पायजे. मी म्हनलं, कळलं तर काम संपलं. ती म्हनली, काम कवाच संपलंय, आता तुमी तेवढं उरलाय.

त्याच साली कागलात गनपतीत माझा सत्कार ठेवलता. स्टेजावर शाल घातली, म्होरं सारं गाव, म्हनले दोन शब्द बोला. पाय लटपटत हुते, ते रोगानं का भ्यानं, मला बी कळंना. आनि मी हात खिशातनं भाईर काढला. माइकम्होरं धरला. एकजन फिदीफिदी हासला. मी म्हनलं, हासा, पन ऐका. ही दारू न्हवं. ही करनी न्हवं. ह्यो रोग हाय, मेंदूचा, आनि त्येला गोळी हाय. तुमच्यात कुनाला आसंल तर कोंडून ठेवू नगा, डाक्टरकडं न्या. मग खाली उतरलो.

मांडवाच्या कडंला एक बाई थांबलेली. म्हनली, आमचं मालक बी असंच करत्यात, भूत म्हनून दोनदा डागलंय त्येस्नी, मागच्या खोलीत हायती. गेलो तिच्यासंगं. त्यो मानूस मला बगून कोपऱ्यात सरला, त्येला वाटलं आजून एक डागाय आला. मी नुस्ता हात म्होरं केला. माझा कापनारा हात बगून त्यानं त्येचा पुढं आनला.

तितनं ह्या रोगाचं सांगत फिराय लागलो. बाजाराच्या दिवशी, साळंच्या पटांगनात, जितं बोलीवतील तितं. मेहरून संगट, गोळ्यांची येळ तीच धरती. गेल्या म्हयन्यात पार चंदगडला गेलतो, यष्टीनं, एक गुरुजी हायत तितं, त्येस्नी बी ह्योच रोग, साळा सोडून घरात दडून बसलेले. त्येनी इचारलं, म्होरं काय काय हुतंय? मी सांगितलं, दडवलं न्हाय. म्हनले, तुमाला भ्या न्हाय वाटत? मी म्हनलं, वाटतं की गुरुजी. रोज वाटतं. आता घास गिळताना वाटतं, आवाज बारीक हुत चाललाय त्येचं वाटतं, आतल्या आत जित्ता ऱ्हाऊन भाईर काय बी दिसंनासं झालं तर, ह्येचं तर लईच वाटतं. गुरुजी रडले. मग मनानंच उठून मला घेऊन भाईरच्या सोप्यात आले, माझ्याशेजारी बसले, दार उघडं ठेवून. येनारी-जानारी बगत हुती. आमी दोघं बसलोतो कापत.

म्हनून तुमाला म्हनलं या, आवाज हाय तंवर लिवून घ्या. आता कान जवळ आनाय लागतोय न्हवं तुमाला? मला दिसतंय की. ऱ्हाऊ द्या आता, लई बोललो. अल्ला तुमाला सुखात ठेवो, तुमच्या लेकराबाळांस्नी बी. जाताना तेवढी मेहरूनला हाक मारा, मला उठवाय.