शेवटचा फर्मा

नाही नाही, तुम्ही बसा मावशी, मी उभाच बरा. छापखान्याच्या मालकांनी पाठवलंय असं काही नाही — म्हणजे पाठवलंय, खोटं कशाला बोलू, ती कोपऱ्यावरची गाडीही त्यांचीच — पण मी त्यांचा माणूस नव्हे. तीस वर्षं कामगारांवरच लिहितोय, कोणालाही विचारा. मुद्दा काय, की परवा प्रकाशन आहे, पत्रिका गेल्यात, आणि माझी कादंबरी आत तुमच्या टेबलावर अर्धवट दुमडून पडलीय. कटिंग मशीनला जाळी हवी ही मागणी रास्तच आहे, त्या दादांची दोन बोटं गेली, वाईटच झालं — मी कुठं नाही म्हणतोय? फक्त दोन दिवस काम करा, मग बसा की पुन्हा फाटकाशी. पुस्तक तुमच्याच बाजूचं आहे हो.

काय, वाचलंय? कधी? — हां, दुमडता दुमडता, सोळा पानांचा एकेक फर्मा. आणि त्यातली ती बाई फाटकाशी बसते ते प्रकरण जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचलंत? आणि दुसऱ्या दिवशी इथं येऊन बसलात? आली का पंचाईत. नाही, आनंदच आहे — म्हणजे व्हायला हवा. तरीच म्हटलं, तुमच्या त्या पाटीवरचं वाक्य कुठंतरी वाचल्यासारखं वाटतंय. माझंच की.

शेवटचा फर्मा दुमडायचा राहिलाय? मग पुढं तिचं काय होतं ते तुम्हाला ठाऊकच नाही. होतं काय — विशेष काही नाही. मालक दोन गोड शब्द बोलतो, ती उठते, कामावर जाते. मागणीचं? मागणीचं राहूनच गेलं. प्रकाशक म्हणाले, वाचकांना समेट आवडतो, मी म्हटलं बरं, आणि एका बैठकीत उरकून टाकलं. लाज वाटतेय मला आता, पण तेव्हा नाही वाटली. असं बघू नका हो माझ्याकडे. तिच्या जागी तुम्ही असता तर — हो, आहातच म्हणा.

मावशी, तो फर्मा दुमडू नका. परवाचं गेलं खड्ड्यात. मी शेवट नव्यानं लिहितो, तुम्ही इथून हलू नका, जाळी बसेपर्यंत मुळीच हलू नका. निघतो. नको, गाडीनं नाही, चालत जातो, मागच्या गल्लीनं. आणि हे बघा — मालकांनी विचारलं, तर मी आलोच नव्हतो म्हणून सांगा.