आईच्या ओव्हनची जाळी

खोटं बोललो तर माझी उरलेली एकुलती दाढही पडो! गुगुलेथू वस्तीतल्या टॅक्सीच्या रांगेत माझ्यापुढे एक नवं जोडपं उभं होतं. पोरीच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चपटं होतं.

"मोंडे, सासूबाई दुपारी ओव्हन उघडणार. उद्याच्या शेजारच्या लग्नाचे चारशे स्कोन-पाव भाजायचेत!"

"माहीत आहे गं, नोझिबेले."

"माहीत होतं, तर काल त्यांच्या ओव्हनची जाळी अंगणातल्या विस्तवावर कशाला ठेवलीस?"

"मग मांस काय तळहातावर भाजू?"

"वाकली ना! आता खाचेत सरकतच नाही. त्या बिचाऱ्या तिला सोड्यात भिजवतात, कडांना तेलाचं बोट लावतात. आणि तू!"

"वेल्डर ठोकून सरळ करेल."

"आणि काळी पडलीय ती? घासून घासून माझी नखं गेली. जाब मलाच विचारणार. स्वयंपाकघर नव्या सुनेच्या हाती ना!"

"मी सांगेन, मीच नेली म्हणून."

"तू? तू तर आत्ताच माझ्यामागे लपतोयस."

"हळू बोल. पुढे बाबा उभे आहेत."

"अगंबाई, मामंजी! माझ्या डोक्यावरचा रुमाल नीट आहे ना?"

"बाबा, तुम्ही इकडे कुठे?"

"वेल्डरकडे."

"आणि काखेत काय?"

"ओरडू नकोस. वरची जाळी."

"बाबा!"

"खालची तुम्ही पळवलीत. मग सकाळी मी मासे कशावर भाजणार होतो?"

"बाबा, माझा फोन वाजतोय. आईचा आहे. तुम्हीच घ्या."

"मी कसा घेऊ? तिच्या लेखी मी तर चर्चमध्ये प्रार्थनेला बसलोय!"